मुलाखत क्रमांक ११

सहरी संपायला वीस मिनिटं उरली होती. मिरजेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात भाकरी, दही आणि रात्रीचं सालन मांडलेलं होतं. पंचवीस वर्षांची मुलगी घास हातात तसाच धरून पुटपुटत होती, "हमीरा बीबी, १९१६, प्रिव्ही कौन्सिल. मेहर म्हणजे देणं. इतर देण्यांसारखंच देणं." अम्मीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "पहले पानी पी. कौन्सिल दोपहर को."

त्या दिवशी दुपारी कोल्हापुरात तिची व्हायवा होती. एलएलएमच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहून, बांधून, जमा करून झाला होता. कॉलेजात त्याला सगळे डिझर्टेशन म्हणतात. आता बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसून त्यातल्या प्रत्येक पानाचा जाब द्यायचा होता. तोही रोजा ठेवून, मार्चच्या उन्हात. तिचं नाव इथे दिलेलं नाही, कारण त्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं आणि प्रबंधातली एक गोष्ट याच घरातली आहे. अब्बांचा मार्केटजवळ फळांचा गाडा आहे. रमजानात कलिंगड आणि खजुराचा धंदा जोरात असतो, त्यामुळे सहरी आटोपली की ते थेट लिलावाला निघतात.

तिचा विषय होता मेहर. शेजारपाजारच्या हिंदू घरांत मेहर म्हणजे 'तुमच्यातला हुंडा' असा समज असतो. प्रत्यक्षात व्यवहार नेमका उलटा आहे. हुंडा मुलीच्या बापाने द्यायचा, तर मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा. तो तिचा एकटीचा. तिच्या बापाचाही नाही. १९६१च्या हुंडाबंदी कायद्याने हुंड्याची व्याख्या करताना मेहर त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला, तो याच कारणाने. निकाह लावताना काझी मेहरची रक्कम साक्षीदारांसमोर मोठ्याने सांगतात आणि पुढे म्हणतात, 'सिक्का-ए-रायजुल-वक्त'. म्हणजे त्या त्या वेळी चालू असलेल्या नाण्यात. मग ती रक्कम निकाहनाम्यात लिहिली जाते आणि बहुतेक घरांत तिथेच राहते. मुलीकडून घ्यायचं ते लाखांत आणि मुलीला द्यायचं ते हजारांत, हे गणित कोणत्याही शादीखान्यात बसल्या जागी कळतं. तिने ते प्रबंधात लिहिलं आहे, आणि बरं केलं.

खरं तर तिला तीन तलाकवर लिहायचं होतं. २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९चा कायदा, मजकुराला तोटा नव्हता. गाईड मॅडमनी ग्रंथालयातलं कपाट उघडून दाखवलं. त्याच विषयावरचे जुने प्रबंध ओळीने उभे होते. "अगं, तलाक किती जणींचा होतो? आणि मेहर किती जणींचा ठरतो?" एवढंच विचारून मॅडम तासाला निघून गेल्या. परतीच्या गाडीत, रुकडी जाईपर्यंत, तिचा विषय बदलला होता.

कायद्याच्या प्रबंधाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक नुसता पुस्तकांतून आणि निकालांतून होतो, त्याला डॉक्ट्रिनल म्हणतात. दुसऱ्यासाठी लोकांकडे जावं लागतं. तिने दोन्ही करायचं ठरवलं आणि कामाला लागली. पुस्तकांत पहिला अर्थातच मुल्ला. मुस्लिम कायद्यावरचं हे सर्वांत चालणारं पुस्तक एखाद्या मौलवीने लिहिलं असावं असं नावावरून वाटतं, पण दिनशा फरदुनजी मुल्ला हे मुंबईचे पारशी वकील. दुसरं पुस्तक आसफ फैजींचं. ते माथेरानला जन्मले आणि पुढे मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. या दोघांच्या पानापानांवर मेहरचे खटले आहेत, आणि तिथेच तिची पहिली अडचण उभी राहिली.

मेहर दोन तऱ्हेचा असतो. एक मागेल तेव्हा तात्काळ द्यायचा, तो मुअज्जल. दुसरा तलाक झाला किंवा नवरा वारला की द्यायचा, तो मुवज्जल. उर्दूत एकात ऐन असतो, दुसऱ्यात वाव. बोलताना दोन्ही शब्द जवळपास सारखेच ऐकू येतात. तिचं शिक्षण मराठी शाळेतलं; उर्दू तिने दादीकडून अक्षर लावत शिकलेली. मोहल्ल्यातल्या जुन्या निकाहनाम्यांवर हा रकाना कुठे नुक्ता पुसलेला, कुठे कोराच. एका बुजुर्ग काझीसाहेबांनी चष्मा वर करून तिला सोपा मार्ग सांगितला, "बेटा, यहाँ लोग नगद और उधार बोलते. वही पूछ." तिने तेच विचारलं. कुणाचाही मेहर नगद नव्हता असं नाही, पण उधारीचे किस्से जास्त निघाले.

मुलाखतींना खरा अडथळा आला तो प्रश्नावलीचा. छापील कागद काढला की बाया गप्प होत. भाजी निवडता निवडता विचारलं की बोलत. काही जणींना आपला मेहर किती हेच माहीत नव्हतं. एकीला रक्कम पाठ होती, पण ती मागायची म्हणजे नवरा सोडायचा असं तिला वाटत होतं. उधारीचा मेहर तलाकच्या वेळी समोर येतो, त्यामुळे हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या पक्का झालेला. आणि बहुतेकींच्या तोंडी एकच शब्द, 'माफ'. पहिल्या रात्री माफ केला. आजारपणात माफ केला. कुणी विचारलं म्हणून माफ केला.

कुराणात सूरह निसामध्ये, म्हणजे स्त्रियांच्या नावाच्या अध्यायात, मेहरचा हुकूम अगदी सुरुवातीला येतो. रमजानात तरावीहच्या नमाजात कुराण रोज थोडं थोडं वाचलं जातं, तेव्हा पहिल्याच काही रात्रींत हा भाग होऊन जातो. बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या, असा त्याचा आशय. त्यांनी आपल्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तर घ्या, असंही पुढे आहे. व्यवहारात पहिला भाग मागे पडला आणि दुसरा तेवढा लक्षात राहिला. तिच्या प्रबंधाचं गृहीतक हेच होतं की, ज्याला माफी म्हणतात तिच्यात मर्जी किती असते ते तपासल्याशिवाय ती माफी कायद्याने धरू नये.

मुलाखत क्रमांक ११ तिने घरातच घेतली. ती दादीची.

दादीचा निकाह १९६४चा. मेहर १२७ रुपये ८ आणे. नवे पैसे येऊन सात वर्षं झाली होती, पण काझींच्या तोंडी आणेच होते. आजोबा १९९८च्या पावसाळ्यात गेले. जनाजा उचलायच्या आधी आतल्या खोलीत बाया दादीभोवती बसल्या होत्या. दाराशी पुरुष खोळंबलेले, कारण मेहर माफ झाल्याशिवाय मय्यत उचलायची नाही अशी रीत. नातीने विचारलं, तुम्ही तेव्हा काय बोललात? दादी म्हणाली, "मैं कुछ बोली नै. नणंद बोली, माफ बोल दे, मय्यत भारी होती. मैं मुंडी हलाई." मग थोडं थांबून, "मुंडी तो सुबह से हल रही थी."

हे लिहून घेतल्यावर दोन दिवस तिने वही उघडली नाही. मग मुल्लाच्या पुस्तकातल्या एका तळटीपेवरून तिला कलकत्ता हायकोर्टाचा १९२०चा निकाल सापडला. नवऱ्याच्या मृत्यूने दुःखात बुडालेल्या विधवेने केलेली मेहरची माफी तिच्यावर बंधनकारक नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे दादीची मुंडी हलली त्याच्या ७८ वर्षं आधीच त्या हलण्याचा निकाल लागलेला होता. फक्त तो आतल्या खोलीपर्यंत पोचला नव्हता.

अब्बांना तिने सांगितलं तेव्हा ते गाड्यावरची संत्री पुसत होते. त्या दिवशी दाराशी खोळंबलेल्यांत तेही होते, अठ्ठावीस वर्षांचे. "घर की बात किताब में कायकू?" एवढंच ते म्हणाले. विषय तिथेच संपला, पण मुलाखत प्रबंधात राहिली, फक्त नाव काढून.

पुढचे महिने कुठल्याही विद्यार्थ्याचे असतात तसे गेले. प्रकरणांची मांडणी मॅडमनी तीनदा बदलायला लावली. खलिफा उमर यांचा एक किस्सा तिला पहिल्या प्रकरणात हवा होता. त्यांनी मेहरवर कमाल मर्यादा घालायचं जाहीर केलं, तेव्हा एका बाईने भर सभेत उठून कुराणाचा आधार देत त्यांना अडवलं आणि खलिफांनी आपली चूक मान्य केली, असं सांगितलं जातं. मॅडम म्हणाल्या, "गोष्ट छान आहे, पुरावा कुठला?" शोध घेतल्यावर कळलं की या कथेच्या सनदीबद्दल हदीसच्या अभ्यासकांतच मतभेद आहेत. किस्सा तळटीपेत गेला. मग साहित्यचोरीची तपासणी. २०१८च्या यूजीसी नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, आणि सॉफ्टवेअरने तिच्यावर तेवीस टक्के दाखवले. कायद्याची कलमं कुणाच्याही प्रबंधात सारखीच असणार, ती आपल्या शब्दांत कशी लिहायची? कलमं आणि निकालांतले उतारे अवतरणात घालून, वगळून, आकडा खाली आला. काळं कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, चार प्रती.

आणि त्या चार प्रतींत एक चूक बांधली गेली. ती तिला सापडली व्हायवाच्या दिवशी सकाळी, मिरज-कोल्हापूर गाडीत, हातकणंगले मागे पडल्यावर. मेहरच्या प्रकारांचा तक्ता होता, त्यात दोन रकाने, आणि दोन्हींवर एकच शब्द. प्रबंध इंग्रजीत होता. टाइप करणाऱ्याने मुवज्जल हे मुअज्जलचंच चुकलेलं स्पेलिंग समजून सगळीकडे बदलून टाकलं होतं. तात्काळ आणि उधार, दोन्हींचं नाव एक. सगळा प्रबंध ज्या फरकावर उभा, तो फरकच तक्त्यातून नाहीसा. तिने मोजलं, एकूण चौदा पानं. पेन होतं, पण प्रती तिच्याकडे कुठे होत्या? त्या कॉलेजात जमा झालेल्या.

व्हायवा दीड वाजता सुरू झाली. टेबलापलीकडे बाहेरून आलेले परीक्षक, ज्यांना विद्यार्थी एक्स्टर्नल म्हणतात, आणि बाजूला गाईड मॅडम. एक्स्टर्नल सरांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणांसाठी कागदाचे कपटे लावलेले होते. त्यातला एक त्या तक्त्यावर होता, हे तिला बसल्या बसल्या दिसलं. विचारण्याआधीच ती म्हणाली, "सर, आधी एक चूक सांगते." सरांनी ऐकून घेतलं आणि कपटा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "दोन अक्षरांत मोठा फरक आहे. शुद्धिपत्र जोडा."

मग खरे प्रश्न आले. पहिलाच अवघड. १८८६ साली अलाहाबाद हायकोर्टात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मेहर समजावताना विक्रीच्या करारातल्या किमतीची उपमा वापरली होती. "मग मेहर म्हणजे बायकोची किंमतच ना?" खोलीत पंखा होता, घसा कोरडा होता. ती म्हणाली, उपमा म्हणजे व्याख्या नव्हे. किंमत ठरली नाही तर विक्री होत नाही, पण मेहर ठरला नाही तरी निकाह होतो. अशा वेळी मेहर-ए-मिस्ल द्यावा लागतो, म्हणजे तिच्या बापाकडच्या बायकांना, बहिणींना, फुफूंना जेवढा ठरला असेल त्या मानाने. न ठरवताही जो लागू होतो, तो मोबदला नसतो, कायद्याने घातलेलं बंधन असतं. आणि शाहबानोच्या १९८५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेहर ही तलाकची रक्कम नव्हे, पत्नीबद्दलच्या आदराची खूण आहे, असंच धरलं. शाहबानोचा खटला सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात नवऱ्याने मेहरचे तीन हजार रुपये कोर्टात भरून आपण मोकळे झालो असं म्हटलं होतं, हे फार थोड्यांना आठवतं.

मधेच चहा आला. तिचा कप तसाच गार झाला. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांचा पिऊन झाला होता. ते थोडे ओशाळले आणि पुढचा प्रश्न मुद्दाम सावकाश विचारला.

त्या प्रश्नात मात्र ती हरली. प्रबंधाच्या नावात 'पश्चिम महाराष्ट्र' होतं. सर म्हणाले, तुमच्या सगळ्या मुलाखती मिरजेच्या, सगळ्या हनफी घरांतल्या. घाट उतरलं की कोकणात शाफई पंथाचे मुसलमान. हनफींत मेहरची किमान मर्यादा दहा दिरहम, शाफईंत किमान मर्यादाच नाही. त्यांच्याकडे गेलात का? नव्हती गेली. वेळ नव्हता, पैसेही नव्हते. पण ही उत्तरं टेबलावर ठेवण्यासारखी नसतात. "नाही सर, ती मर्यादा आहे." नावातून पश्चिम महाराष्ट्र गेला, मिरज शहर आलं. सोनेरी अक्षरांचे पैसे पुन्हा.

शेवटी सरांनी ११ क्रमांकाचं पान उघडलं. "ही मुलाखत सगळ्यांत लांब आहे. आजींचा दावा आज टिकेल?"

"नाही सर. नवरा गेल्यापासून तीन वर्षांची मुदत. ती केव्हाच संपली."

"मग देणं संपलं?"

"दाव्याची मुदत संपली. देणं संपत नाही."

"घरावर चार्ज?"

"नाही. साधं, बिनतारणी देणं. पण वाटणीच्या आधी फेडायचं. कफन-दफनाचा खर्च, मग देणी, मग वसियत, मग वारस."

सर पान चाळत म्हणाले, "या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मॅडमनी मान वर केली; हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "माझी दादी आहे सर. आम्ही त्याच घरात राहतो."

सर रागावले नाहीत, पण सोडलंही नाही. संशोधकाचं आणि मुलाखत देणाऱ्याचं नातं लपवलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होते, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा, असं त्यांनी सांगितलं. "लिहिलंत तर मुलाखत दुबळी होत नाही. लपवलंत तर होते." दुरुस्त्यांना आठ दिवस दिले. गुण सांगितले नाहीत, सांगतही नाहीत. बाहेर आल्यावर मॅडम तिच्यावर चिडल्या, आणि मग रोजा सोडायला घरी पोचशील ना, असं विचारून तिला वेळेच्या गाडीला पिटाळलं.

दुरुस्ती करायची म्हणजे घरात विचारणं आलं. 'माझी आजी' असं लिहिलं की अब्बांचं नाव पहिल्या पानावर आहेच. त्या रात्री तरावीहहून परतल्यावर अब्बा जकातीचा हिशेब करत बसले होते. रमजानात अनेक घरांत ही वही निघते. वर्षभराची शिल्लक आणि माल एका बाजूला, देणी दुसऱ्या बाजूला. देणी वजा करून उरेल त्यावर, निसाब भरत असेल तर, अडीच टक्के. देण्यांच्या बाजूला अडत्याचं नाव होतं, बर्फवाल्याचं होतं. ती समोर बसली आणि कोल्हापुरात झालेलं सगळं सांगितलं, दाव्याची मुदत आणि देणं यांतल्या फरकासकट. अब्बांनी विचारलं, "साहब ने ऐसाच पूछा? देणं संपलं?" तिने हो म्हटलं. त्यांनी वही मिटली. लिही किंवा लिहू नको, काहीच म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गाडा पोराकडे सोपवून शेजारच्या जैन किराणा दुकानदाराकडे गेले. आठ आण्याचं नाणं हवं होतं. पन्नास पैसे सरकारने बंद केलेले नाहीत, २०११ला पावलीपर्यंतची नाणी तेवढी गेली. पण बाजारात आठ आणे आता कोणी घेत नाही, म्हणून कोणी ठेवतही नाही. शेटजींनी कारण विचारलं. ऐकून त्यांनी देव्हाऱ्याखालचा जुन्या नाण्यांचा डबा काढला, दोघांनी मिळून तो गल्ल्यावर पालथा केला.

इफ्तारच्या आधी, सामोसे तळायचे बाकी असताना, अब्बांनी नोटा आणि सुटे दादीच्या पुढ्यात ठेवले. "अम्मी, तुमारे मेहर के." चुलीपाशी सगळ्या गप्प झाल्या. हे पैसे आजच्या भावात काहीच नाहीत, एक डझन चांगले आंबेसुद्धा येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. आणि नातीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे, मेहर रुपयांत न ठरवता चांदीत किंवा सोन्यात ठरवावा या शिफारशीवर. पण ते त्या वेळी कोणी बोललं नाही.

दादीने चष्मा मागितला. थुंकी न लावता, रोजा होता म्हणून, एकेक नोट सरकवत मोजलं. एकशे सत्तावीस. नोटा पदराखाली ठेवल्या आणि हात पुन्हा पुढे केला.

"आठ आने?"